मिस्टर गारसाइडांचं शेवटचं गीत

भिंतीपलीकडे बसून एक म्हातारा माणूस रोज संध्याकाळी माझं वाचन ऐकतो, हे मला जवळजवळ आठ महिने ठाऊक नव्हतं. आमचं घर काळपट दगडांच्या लांबलचक रांगेतलं होतं. एकाला एक चिकटलेली अशी पंचवीस-तीस घरं, मधल्या भिंती सामाईक. मँचेस्टरहून ट्रेनने तासाभरावरचं ते गाव. एकेकाळी तिथे कापडाच्या गिरण्या होत्या. आम्ही गेलो तेव्हा गिरण्यांच्या फक्त चिमण्या उरल्या होत्या आणि टेकडीवर आईचं हॉस्पिटल होतं. आई भूलतज्ज्ञ. कोल्हापुरातली चांगली चाललेली नोकरी सोडून ती मला घेऊन इथे आली होती. बाबा दवाखान्याची व्यवस्था लावून सहा महिन्यांत येणार होते. मी तेव्हा चौदा वर्षांची होते.

आईचा रोटा, म्हणजे ड्यूट्यांचा तक्ता, फ्रिजच्या दाराला चिकटवलेला असे. निळी खूण म्हणजे लांब दिवस, लाल म्हणजे ऑन-कॉल, आणि बिनखुणेचा दिवस म्हणजे आई घरी. बिनखुणेचे दिवस फार कमी. शाळेतून आले की किल्लीने दार उघडायचं, दारातल्या फटीतून आत पडलेली पत्रं उचलायची, हीटिंगचं बटण दाबायचं. मग बॉयलर एकदा खाकरल्यासारखा आवाज करी आणि पुन्हा सगळं गप्प. कोल्हापूरचं आमचं घर दवाखान्याच्या वरच होतं. खाली कंपाउंडरने एकेकाचं नाव पुकारणं, पेशंटांचं खोकणं, कुणाचं तरी रडणारं बाळ, समोरच्या पिठाच्या गिरणीची घरघर, हे सगळं दिवसभर जिन्यावरून वर येई. इथल्या शांततेत माझ्या कानात गुणगुण सुरू व्हायची. ती घालवायला मी मोठ्याने वाचायला लागले. इतिहासाचं पुस्तक, जीवशास्त्राचं पुस्तक, कोल्हापूरहून आणलेले दोन दिवाळी अंक, आणि तेही संपलं की बिस्किटांच्या पुड्यावरचा मजकूर. कुणीतरी बोलतंय एवढंच मला हवं होतं. ते कुणी नव्हतंच, म्हणून मीच बोलत होते.

आता मला लोक विचारतात, शाळेत तुला त्रास दिला का, रंगावरून चिडवलं का. नाही. मला कुणी काहीच केलं नाही. कुणी काही विचारलंही नाही. शिक्षक हजेरी घेताना माझ्या नावापाशी अडखळत, ‘अनागा’ म्हणत आणि पुढे जात. जेवणाच्या सुट्टीत मी लायब्ररीतल्या मागच्या टेबलाशी बसून डबा खायची. वास येऊ नये म्हणून पोळीचा रोल करून, भराभर. रविवारी दुपारी बाबांना फोन. दुकानातून आणलेलं परदेशी फोनचं कार्ड नाण्याने खरवडायचं, वीसेक आकडे दाबायचे, मग बाबांचा आवाज एक क्षण उशिरा यायचा. ‘हं, बोल बाळा,’ म्हणायचे आणि लगेच खाली कुणाला तरी हाक मारायचे. रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज मला ओळखता यायला लागला होता. तरी मी बोलत राहायची. कार्डातली मिनिटं संपेपर्यंत बोलायची सवयच झाली होती.

शेजारचे गृहस्थ मला पहिल्यांदा मागच्या अंगणात भेटले. अंगण कसलं, फरशी घातलेला एक चौकोन, दोन घरांमध्ये कमरेएवढी भिंत. त्यांच्या बाजूला रूबार्बचं एक मोठं झुडूप होतं, लाल दांड्यांचं. उंच, पाठीत वाकलेला माणूस, स्वेटरची बटणं एकेक घर चुकवून लावलेली. हातात एक पाकीट होतं आणि तोंड माझ्याकडे असलं तरी नजर माझ्या कानाशेजारून जात होती. ‘वाचणारी मुलगी तूच का?’ त्यांनी विचारलं. मी घाबरून हो म्हणाले. मला वाटलं, आवाजाची तक्रार करायला आलेत. तर म्हणाले की मंगळवारी मी पचनसंस्थेचा धडा वाचत होते आणि लहान आतड्याच्या मधोमध थांबले, तेव्हापासून पुढे काय झालं याची ते वाट पाहताहेत. हे सगळं अगदी गंभीर चेहऱ्याने. मग त्यांनी पाकीट पुढे केलं. त्यांच्या डोळ्यांचा मधला भाग गेला होता. कडेकडेचं अंधुक दिसे, पण ज्याच्याकडे बघावं नेमकं तेच पुसलं जाई. पत्रं वाचायला एक बाई यायच्या, त्या मुलाकडे राहायला गेल्या होत्या.

मी भिंतीवर हात टेकून ते पत्र वाचलं. टेकडीच्या पायथ्याचं चर्च बंद होणार, असं त्यात लिहिलं होतं. माणसं येत नाहीत, छप्पर गळतं, शेजारच्या गावच्या चर्चमध्ये ते विलीन करायचं ठरलं आहे. ऑक्टोबरात शेवटची प्रार्थनासभा, बिशप स्वतः येणार. आणि तीस वर्षं जे त्या चर्चचे पाद्री होते, ज्यांची गीतं लोक अजून गातात, त्या रेव्हरंड वॉल्टर गारसाइड यांनी या प्रसंगासाठी एक नवं गीत लिहावं, अशी विनंती. त्यांनी मला दुसरा परिच्छेद पुन्हा वाचायला सांगितला. पुन्हा वाचला. मग त्यांनी पत्र परत घेतलं, चार घड्या केल्या आणि माझं नाव विचारलं. मी शाळेत सांगते तसं सांगितलं. ‘तुझी आई अशी हाक मारत नाही,’ ते म्हणाले. ‘मी ऐकलंय.’ मग मी नीट सांगितलं, अनघा. त्यांनी ते तीनदा म्हणून पाहिलं. तिसऱ्या वेळी घ जमला.

मी त्यांना मिस्टर गारसाइड म्हणायची, आणि आईशी बोलताना ते ‘शेजारचे आजोबा’ व्हायचे. आठवड्यातले तीन दिवस शाळा सुटली की मी त्यांच्या स्वयंपाकघरात जाऊ लागले. त्यांच्या घराला करपलेल्या टोस्टचा, जुन्या कागदांचा आणि कोळशाचा वास यायचा. डब्यातले पीच आणि पिवळं कस्टर्ड हे त्यांचं रात्रीचं जेवण. मी गेले की ते किटली चढवत आणि पाण्याच्या आवाजावरून कप भरल्याचं ओळखत. जाताना मला रूबार्बच्या दांड्यांची जुडी देत. आईने पहिल्यांदा दांडी चावून पाहिली आणि तिचे डोळेच चमकले. ‘अगं, हा तर आंबट चुका,’ म्हणाली. तिने हरभऱ्याची डाळ, शेंगदाणे आणि वरून लसणाची फोडणी घालून चुक्याची करतात तशी त्याची पातळ भाजी केली. एक वाटी त्यांना दिली. त्यांनी ती चमच्याने सूपसारखी प्यायली आणि म्हणाले की पन्नास वर्षं मी याच्यावर साखर घालत आलो, कुणी काही बोललं नाही.

त्यांचं आयुष्य मला तुकड्यातुकड्यांनी कळलं. बाप गिरणीत मागावर होता, आईचा आवाज चांगला होता. मागांच्या खडखडाटात बोलणं ऐकू येत नसे म्हणून बायका ओठांच्या हालचालींवरून एकमेकींशी बोलत. लहान वॉल्टर डबा घेऊन जाई तेव्हा त्याला वाटे की सगळ्या जणी मुक्याने गाताहेत. पुढे शिष्यवृत्तीवर शिकले, पाद्री झाले, आणि सव्विसाव्या वर्षी एका पावसाळी दुपारी त्यांनी एक गीत लिहिलं, ते शाळांच्या गीतपुस्तकात गेलं. आमच्या शाळेतही सोमवारच्या असेंब्लीत ते म्हणत. चारशे मुलं जांभया देत ते म्हणायची आणि खाली बारीक अक्षरात वॉ. गा. असं लिहिलेलं असे. त्यानंतर त्यांनी कवितांची तीन पुस्तकं लिहिली. ती कुणी वाचली नाहीत. शिल्लक प्रती त्यांच्याच जिन्याखाली खोक्यात होत्या. त्यांना त्याचं वाईट वाटत असणार, पण बोलताना ते नेहमी गीतांबद्दल बोलत. कविता एकट्याने वाचायची असते, म्हणत, पण गीत ज्यांना कविता कळत नाही त्यांनी उभं राहून म्हणायचं असतं. म्हाताऱ्या बाईचा श्वास जिथे संपतो तिथे ओळ संपली पाहिजे.

त्यांची बायको डॉरथी. तिला जाऊन सहा वर्षं झाली होती. मूल नव्हतं. तिची खुर्ची खिडकीपाशी होती. मी त्या खुर्चीवर बसू का, असं पहिल्या दिवशी विचारलं तेव्हा ते म्हणाले, बस, उजेड तिथेच आहे.

गीताचं काम असं चाले. ते टेबलावर बोटांनी ताल धरत. एका अक्षराला एक ठोका. आठ ठोके, सहा ठोके, आठ, सहा. ओळ मनात जुळली की सांगत आणि मी मोठ्या फुलस्केप वहीत उतरवून घ्यायची. मग मी वाचून दाखवायची आणि ते पुन्हा ठोके मोजत. एखादा दिवस एका शब्दात जाई. एकदा मी म्हणाले की आमच्याकडे पण असंच आहे, सहा, सहा, सहा आणि मग चार. आई भाकरी थापताना जे अभंग गुणगुणायची, त्यांचे मी मनातल्या मनात ठोके मोजले होते. त्यांनी मला टेबलावर वाजवून दाखवायला लावलं. सहा, सहा, सहा, चार. त्यांनी ते चार-पाच वेळा वाजवलं. म्हणाले, शेवटी दोन पावलं कमी पडतात, म्हणजे माणूस घरी पोचला. कोल्हापुरात शाळेत मला कुणी असं सांगितलं नव्हतं. घरी येऊन मी आईला ते सांगितलं, तर तिची भाकरी तव्यावर तशीच राहिली.

गीत पाच कडव्यांचं होतं. चर्चच्या दगडांना, उंबरठ्याला, इथे बाप्तिस्मा झालेल्या आणि इथेच पुरलेल्या माणसांना एकेक कडवं. शेवटचं कडवं सप्टेंबर लागला तरी येईना. मग एके दिवशी मी वही उघडून बसले होते आणि ते खिडकीकडे तोंड करून उभे होते, तेव्हा त्यांनी चार ओळी एका दमात सांगितल्या. इंग्रजीतल्या त्या ओळी मी इथे देत नाही. शेवटच्या ओळीचा अर्थ एवढाच होता: ऐकणारं कुणी नसलंच, तरी आम्ही गाऊ. मी ती लिहिली आणि माझा हात थांबला. त्यांनी विचारलं, काय झालं. मी म्हणाले, काही नाही, बरोबर आहे. ते म्हणाले की डॉरथी गेल्यापासून प्रार्थनेला बसलं की रिकाम्या खोलीत बोलल्यासारखं वाटतं. सहा वर्षं. हे त्यांनी कुणालाच सांगितलेलं नाही. मी त्यांना टेबलावर ठेवलेल्या रिसीव्हरबद्दल सांगितलं. तेही मी कुणाला सांगितलं नव्हतं, आईला तर नाहीच. त्यांनी त्यावर काही उपदेश केला नाही. फक्त विचारलं, तरी तू फोन ठेवत नाहीस? मी म्हणाले, नाही.

दोन दिवसांनी त्यांनी मला ती ओळ खोडायला सांगितली. त्या जागी नवी घालायची होती. ठोके तेच, शब्द दोन-तीनच बदललेले, पण अर्थ अगदी उलटा: ऐकणारा तू आहेस, म्हणून आम्ही गाऊ. मी विचारलं, का. ते म्हणाले की बिशप येणार आहेत, आणि ज्यांचं चर्च जातंय अशा साठ-सत्तर म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी मी माझी शंका देऊ शकत नाही. मी नवी ओळ लिहून घेतली. मला तिचा राग आला. ती गुळगुळीत होती, आमच्या असेंब्लीतल्यासारखी. पहिली ओळ मला माझी वाटत होती. त्या अख्ख्या गावात, त्या अख्ख्या वर्षात, मला जे वाटत होतं ते फक्त त्या एका ओळीत होतं, आणि ती आता कुणी म्हणणार नव्हतं.

आता मी जे केलं ते सांगते. चांगल्या अक्षरात गीत उतरवून मिसेस पिलिंगना नेऊन द्यायचं काम माझ्याकडे होतं. या बाई चर्चमध्ये ऑर्गन वाजवायच्या आणि त्याच कागद टाइप करून छापून आणायच्या. मी कोरा कागद घेतला, पाच कडवी लिहिली, आणि शेवटी खोडलेली ओळ लिहिली. मग मिस्टर गारसाइडांनी नेहमीप्रमाणे मला सगळं वाचून दाखवायला सांगितलं. मी वाचलं. शेवटच्या ओळीपाशी आले तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर एक ओळ होती आणि मी दुसरी वाचली. त्यांना हवी असलेली. आवाज जरासुद्धा हलला नाही. त्यांनी टेबलावर सहा ठोके वाजवले आणि ‘छान,’ म्हणाले. मी कागद घेऊन मिसेस पिलिंगकडे गेले. वाटेत मला भीती वाटली नाही, उलट मी काहीतरी वाचवते आहे असं वाटत होतं. ते मला आजही जास्त खुपतं.

प्रार्थनासभा दुपारची होती. आईची निळी खूण होती, म्हणून मी एकटीच गेले आणि मागच्या बाकावर बसले. चर्च भरलं होतं. इतकी माणसं दर रविवारी आली असती तर बंद करायची वेळच आली नसती, असं माझ्या पुढची बाई शेजारणीला सांगत होती. छपरातून एका ठिकाणी पाणी ठिबकत होतं आणि खाली बादली ठेवली होती. मिस्टर गारसाइड पहिल्या बाकावर, गळ्याशी पाद्र्यांची पांढरी पट्टी लावून, ताठ बसलेले. मिसेस पिलिंगनी सूर दिला, सगळे उभे राहिले. लोकांच्या हातात कागद होते, त्यांच्या हातात काही नव्हतं, ते पाठ म्हणत होते. पहिली चार कडवी छान झाली. गिरणीतल्या बायका गात असतील तशा त्या म्हाताऱ्या तोंड मोठं उघडून गात होत्या. पाचव्या कडव्याच्या शेवटी साऱ्या चर्चने एक ओळ म्हटली आणि त्यांनी एकट्याने दुसरी. त्यांचा आवाज मोठा होता. ‘तू आहेस’ हे दोन शब्द सगळ्यांच्या वर एकटेच राहिले आणि मधेच तुटले. मला ते मागून स्पष्ट ऐकू आलं. ऑर्गन संपला. ते बसले नाहीत, कुणीतरी हात धरून त्यांना बसवलं.

बाहेर बिशपनी त्यांचा हात दोन्ही हातांत घेतला आणि शेवटची ओळ फार धैर्याची आहे, असं सांगितलं. मिस्टर गारसाइडांनी आभार मानले. एरवी ते माझ्या खांद्यावर हात ठेवून चालत. त्या दिवशी मिसेस पिलिंगच्या हाताला धरून ते घरी गेले. मी मागून चालत होते. त्यांना दाराशी सोडून मिसेस पिलिंग गेल्यावर त्यांनी मला थांबवलं.

‘कागदावर काय लिहिलं होतंस?’

मी सांगितलं.

‘आणि मला वाचून दाखवलंस ते?’

‘वेगळं.’

त्यांनी दाराची कडी चाचपडली. ‘ती ओळ खरी होती, अनघा,’ ते म्हणाले. ‘पण ती म्हणायची की नाही हे मी ठरवायचं होतं.’ आणि त्यांनी दार हळूच लावून घेतलं. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

मी मोठ्याने वाचणं बंद केलं. भिंतीपलीकडे ते आहेत हे माहीत असल्यावर वाचवेना. त्या पाच-सहा आठवड्यांत घर जितकं गप्प होतं तितकं आधी कधीच नव्हतं. आधी निदान कुणी ऐकत नाही असं समजून मी बोलत तरी होते. त्यांच्याकडूनही काही आवाज यायचा नाही. क्वचित किटलीची शिट्टी, एवढंच. शाळेत सोमवारी वॉ. गा. यांचं गीत लागलं की मी नुसते ओठ हलवायची.

आईच्या ते लक्षात आलं. बिनखुणेचा दिवस होता, ती डाळ निवडत होती. दुकानातली स्वच्छ डाळसुद्धा ती निवडायची. शेजारच्या आजोबांकडे जात नाहीस का, असं तिने विचारलं आणि मी सगळं सांगून टाकलं. मला वाटलं ती रागावेल, किंवा जाऊ दे म्हणेल. तिने ताट बाजूला ठेवलं.

‘पेशंटला भूल देते ना मी,’ ती म्हणाली, ‘तेव्हा शेवटच्या क्षणी तो माझ्याकडे बघतो. मग झोपतो. पुढचे दोन-तीन तास मी काय केलं हे त्याला कधीच कळणार नसतं. म्हणून त्या वेळात मला जे बरं वाटतं ते मी करत नाही. तो जागा असताना आमचं जे ठरलं, तेवढंच करते.’

मी रडायला लागले. तिने मला रडू दिलं. मग म्हणाली, ‘माफी मागायला जाऊ नकोस, ती त्यांच्यावर जबरदस्ती होते. काय केलंस ते सांगायला जा. बाकी त्यांचं ते बघतील.’ त्या संध्याकाळी आई माझ्याशी खूप वेळ बोलली, बाबांबद्दलही. बाबा आले नाहीत, पुढेही आले नाहीत. त्याचं कारण मला तेव्हा कळलं. पण ती तिची गोष्ट आहे. आई अजून आहे आणि तिने ती कुठे सांगितलेली नाही, म्हणून मी इथे लिहीत नाही.

दुसऱ्या दिवशी मी पुढच्या दाराची घंटा वाजवली. एरवी मी मागून जायची. त्यांनी दार उघडलं आणि माझ्या कानाशेजारी बघत उभे राहिले. मी उंबरठ्यावरच सगळं सांगितलं. की मी ठरवून लिहिलं, ठरवून वेगळं वाचलं, तुम्हाला दिसत नाही हे मला माहीत होतं म्हणूनच ते करता आलं, आणि तेव्हा मला बरं वाटलं होतं. त्यांनी ऐकून घेतलं. मग बाजूला झाले. स्वयंपाकघरातल्या टेबलावर न उघडलेल्या पत्रांचा ढीग होता. सहा आठवड्यांची पत्रं, वाचायला कुणी नव्हतं. हा विचार माझ्या मनात आलाच नव्हता. ‘बस,’ ते म्हणाले. ‘वरून सुरू कर.’

त्यात विजेची, पाण्याची पत्रं होती, कुठल्याशा मासिकाचं होतं, आणि एक निळ्या शाईत थरथरत्या अक्षरात लिहिलेलं. वर माळावर मेंढ्या पाळणाऱ्या एका बाईंचं. मुलगा गेल्यापासून बारा वर्षं चर्चमध्ये पाऊल टाकलं नव्हतं, असं त्यांनी लिहिलं होतं. तिथली गीतं इतक्या खात्रीने बोलतात की माझ्या तोंडून ती निघत नाहीत. शेवटचा दिवस म्हणून आले, मागे उभी राहिले, आणि तुमच्या या गीताची शेवटची ओळ मला म्हणता आली. एवढंच कळवायचं होतं.

त्यांनी ते पुन्हा वाचायला सांगितलं. मग मला कागद घ्यायला सांगून उत्तर सांगितलं. ते मला आजही शब्दशः पाठ आहे. ‘ती ओळ मी लिहिली आणि घाबरून काढली. माझ्या शेजारच्या मुलीने मला न विचारता, मला फसवून, ती परत घातली. आमचं दोघांचंही चुकलं. तुम्हाला ती म्हणता आली याचा मला फार आनंद आहे.’ खाली सही करायला त्यांनी हात पुढे केला, मी पेन योग्य जागी टेकवलं. सही करण्याआधी ते थांबले.

‘काय लिहिलंस ते वाच,’ म्हणाले. ‘प्रत्येक शब्द.’

मी वाचलं. ‘मला फसवून’ हे शब्दही वाचले. मग त्यांनी सही केली.

त्यानंतर दोन वर्षं मी त्यांच्याकडे जात होते. पण मी लिहिलेला प्रत्येक कागद दर गुरुवारी मिसेस पिलिंग त्यांना पुन्हा वाचून दाखवायच्या. हे त्यांनी माझ्यापासून लपवलं नाही. पहिल्याच आठवड्यात माझ्यादेखत त्यांना तसं सांगितलं. मला ते लागलं, दर गुरुवारी लागायचं. तरी मी जात राहिले आणि ते चहा करत राहिले. या वयात मला कळतं की माफी अशीही असते. माणूस दार उघडतो, खुर्ची देतो, आणि तरी कागद दुसऱ्याकडून तपासून घेतो. त्या दोन वर्षांत त्यांनी अकरा कविता सांगितल्या, एकही गीत नाही. डॉरथीबद्दलच्या होत्या बहुतेक. त्या कुठे छापल्या गेल्या नाहीत. संध्याकाळी मी पुन्हा घरात मोठ्याने वाचू लागले. मात्र आता एखादा धडा मी अर्ध्यात सोडत नसे.

त्या दोन वर्षांनंतरच्या हिवाळ्यात ते निवृत्त पाद्र्यांच्या एका वृद्धाश्रमात राहायला गेले, समुद्राकाठी, ट्रेनने दोन तासांवर. मी दोनदा जाऊन आले. दुसऱ्या वेळी त्यांनी मला ओळखायला जरा वेळ घेतला, पण नाव घेतलं तेव्हा घ नीट म्हटला. मार्चमध्ये ते गेले.

त्यांचं चर्च तोवर विकलं गेलं होतं, म्हणून अंत्यसंस्काराची प्रार्थना शेजारच्या गावात झाली. आईने त्या दिवसाची शिफ्ट कुणाशी तरी बदलून घेतली आणि माझ्याबरोबर आली. काळी साडी, वर जाड कोट. ती आयुष्यात पहिल्यांदा चर्चमध्ये बसत होती आणि कधी उभं राहायचं हे माझ्याकडे बघून ठरवत होती. त्यांचं ते गीत म्हणायचं होतं. मिसेस पिलिंगनी छापलेला कागद मी उघडला आणि आधी शेवटची ओळ पाहिली. ऐकणारा तू आहेस, म्हणून आम्ही गाऊ. तशी सूचना ते लिहून ठेवून गेले होते, हे मला नंतर कळलं. गाणं सुरू झालं. पाचवं कडवं आलं. निम्म्या लोकांनी कागदावरची ओळ म्हटली. आणि निम्म्यांनी, जुन्या चर्चमधल्या त्या म्हाताऱ्या बायकांनी, कागदाकडे न बघता दुसरी म्हटली. ती त्यांच्या तोंडात बसली होती. दोन्ही ओळींचे ठोके सारखेच, त्यामुळे सूर कुठे अडला नाही. फक्त शब्द एकमेकांत मिसळून गेले आणि नीट असं काहीच ऐकू आलं नाही. मी कागदावरची ओळ म्हटली, मोठ्याने.

बाहेर थंड वारा होता. बसस्टॉपवर आम्ही दोघीच होतो. आईने तो कागद घडी करून पर्समध्ये ठेवला होता, तो परत काढला आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.

‘काही लोक इथे वेगळंच म्हणत होते ना?’ तिने विचारलं. ‘यातली आजोबांची कुठली?’

‘दोन्ही,’ मी म्हणाले.